काळी-पिवळीचा प्रवास: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद हा माझा पट्टा. काळी-पिवळी, म्हणजे सवाऱ्या भरून चालणारी खासगी जीप-टॅक्सी, ही तेव्हा धंद्यातली वैरीण. आमच्या बसच्या दहा मिनिटं आधी सुटायची आणि फाट्याफाट्यावरच्या सवाऱ्या उचलून न्यायची. आम्ही पोचेपर्यंत फाट्यावर फक्त कुत्रं उभं. रिटायर होऊन गावी आलो आणि दुपारची बस बंद पडली. आता मीच डोक्याला दुपट्टा बांधून काळी-पिवळीची वाट पाहतो. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे त्यात थोडा जुना राग असेल, तो वाचणाऱ्यानं वजा करून घ्यावा. प्रश्न मात्र लोकांनी पारावर, स्टँडवर आणि दवाखान्याच्या ओट्यावर खरोखर विचारलेले आहेत.

काळी-पिवळी म्हणजे नेमकी कोणती गाडी? सगळ्याच बेकायदा असतात का?

नाही. टॅक्सीचं परमिट असलेली, पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली, पासिंग (गाडी चालवण्याजोगी असल्याचा दाखला) आणि विमा चालू असलेली गाडी कायदेशीर आहे. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात तीच ही. पूर्वी ट्रॅक्स आणि कमांडर होत्या, मग सुमो आणि मॅक्स आल्या, आता मॅजिक आणि इको. घोळ सुरू होतो तो पांढऱ्या पाटीच्या गाड्यांपासून. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी. तिच्यात भाडं घेऊन माणसं बसवणं हा विनापरमिट वाहतुकीचा गुन्हा आहे आणि त्याला पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण तुमच्या दृष्टीनं दंडापेक्षा विमा महत्त्वाचा, त्याचं पुढे सांगतो.

परमिटच्या गाडीनंसुद्धा एसटीसारखं जागोजागी थांबून टप्प्याटप्प्यानं सवाऱ्या घ्यायच्या नसतात. स्टँडपासून २०० मीटरच्या आत उभं राहायचं नसतं. हे दोन्ही नियम कुठे पाळले जातात ते तुम्हाला माहीत आहे.

गाडीचे कागद आहेत की नाहीत हे आम्हाला कसं कळणार?

मोबाईलवर एम-परिवहन नावाचं सरकारी ॲप आहे. गाडीचा नंबर टाकला की पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. घरच्या कॉलेजातल्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. रोज ज्या चार-पाच गाड्यांनी तुम्ही जाता त्यांचे नंबर एकदा तपासून ठेवले तरी पुरे. आठ वर्षांपर्यंतच्या भाड्याच्या गाडीचं पासिंग दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांनी आठ वर्षं केव्हाच ओलांडली आहेत.

हे ड्रायव्हर एवढी जोरात का हाणतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर ठरलेलं असतं: पोट्टे माजले आहेत. मला हे पटत नाही. हेच पोट्टे लग्नाच्या वरातीची गाडी किती सावकाश नेतात ते पाहा.

स्टँडवर नंबर लागलेला असतो. पुढची गाडी भरून सुटल्याशिवाय मागच्या गाडीला सवारी घेता येत नाही. म्हणजे एका ट्रिपसाठी चाळीस मिनिटं, कधी तास-दीड तास उन्हात उभं राहायचं. डोक्यावर फायनान्स कंपनीचा हप्ता असतो. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे असतात, ट्रिप किती झाल्या याच्याशी मालकाला घेणंदेणं नसतं. रस्त्यावरचे काही ‘खर्च’ वेगळेच, त्यांची पावती कुणी देत नाही. दिवसाला चार ट्रिपा व्हायला हव्यात आणि तीनच होतात. हरवलेली एक ट्रिप तो कुठे शोधतो? ॲक्सिलेटरमध्ये.

आता हिशेब करा. फाटा ३० किलोमीटरवर आहे. ६० च्या वेगानं गेलं तर अर्धा तास, ८० नं गेलं तर साडेबावीस मिनिटं. जिवावर उदार होऊन वाचली साडेसात मिनिटं. स्टँडवर गाडी भरेपर्यंत गेली चाळीस. गाडी स्टँडवर उभी असते तेव्हाच तिचा पुढचा वेग ठरून गेलेला असतो. मागून एसटी यायची वेळ झाली असेल, किंवा पुढे दुसरी काळी-पिवळी निघाली असेल, तर मग विचारूच नका. पुढच्या फाट्यावर उभी असलेली एक म्हातारी आणि तिची पिशवी यांच्यासाठी दोन गाड्या शर्यत लावतात.

एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात गावांना या गाड्यांनीच तारलं, हे मी एसटीचा माणूस असूनही सांगतो. पुढे १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. जिथे बस आहे तिथल्या मायमावल्या बसकडे गेल्या. गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि सवाऱ्या घटल्या, म्हणून उरलेल्या सवारीसाठीची ओढाताण वाढली. अर्ध्या तिकिटाला माझा विरोध नाही, माझी बायकोही त्यावरच माहेरी जाते. पण एका दुकानाचा भाव उतरला की शेजारच्या दुकानात काय होतं, तेवढं लक्षात घ्यावं.

रोजचा रस्ता आहे, त्याचा हात बसला आहे. मग जोरात नेली तर काय बिघडतं?

रस्ता रोजचा असतो, रस्त्यावर आलेली गाय रोजची नसते.

८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या ड्रायव्हरचाही एक सेकंद जातोच. ब्रेक दाबल्यावर, कोरडा रस्ता आणि धड टायर असतील तर, गाडी अजून ३५ ते ४० मीटर घेते. झाले साधारण ६० मीटर. माझ्या हिशेबात सांगायचं तर एकामागे एक उभ्या केलेल्या पाच एसटी. तीच गाडी ५० नं जात असेल तर अडीच एसटीत थांबते. रस्ता ओला असेल, टायर रिमोल्ड केलेले आणि गोटा झालेले असतील, तर पाचाच्या आठही होतील.

ओव्हरटेकचं गणित याहून वाईट आहे. पुढे ५० नं चाललेला ट्रक आहे आणि तुमचा ड्रायव्हर ७० नं त्याच्या पुढे काढतो आहे. बाजूला येऊन, पुढे जाऊन, परत आपल्या बाजूला यायला साधारण आठ सेकंद लागतात. त्यात गाडी दीडशे मीटर जाते. समोरून येणारी गाडीही ७० नं असेल तर तीही दीडशे मीटर पुढे येते. म्हणजे तीनशे मीटर रस्ता स्वच्छ मोकळा दिसायला हवा. आपल्या रस्त्यांवर बाभळी, वळणं आणि चढ सोडून तीनशे मीटर किती ठिकाणी दिसतो?

नऊच्या गाडीत सोळा जण बसले तर काय होतं? थोडी अडचण, अजून काय?

सात माणसं जास्त म्हणजे चार क्विंटलच्या वर वजन जास्त. चार क्विंटल कापूस टपावर टाकला तर ड्रायव्हर स्वतःच हळू चालवेल, कारण कापूस पडला तर मालक ओरडतो. माणसं मात्र टपावर, मागच्या पायरीवर लटकलेली, शिवाय ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक जण अर्धा दाराबाहेर. गिअरची दांडी कुणाच्या तरी गुडघ्यांच्या मधे. गिअर टाकायचा म्हटलं की ड्रायव्हर म्हणतो, “काकाजी, पाय घ्या जरा.” तोपर्यंत घाट संपतो.

वजन वर गेलं की गाडी वळणावर कलंडते. मागे लटकले की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. नऊ जणांसाठी बनवलेले ब्रेक सोळांना आवरत नाहीत. २०१९ च्या जूनमध्ये भंडारा जिल्ह्यात साकोली–लाखांदूर रस्त्यावर काळी-पिवळी चुलबंद नदीच्या पुलावरून खाली गेली. मेलेल्यांत शिकणाऱ्या मुली होत्या. तिकडच्या लोकांना तो पूल ओलांडताना अजून आठवतं.

कायदा सांगतो की जास्तीच्या प्रत्येक सवारीमागे २०० रुपये दंड. सोबत अजून एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही: जास्तीची माणसं उतरवून त्यांची दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत ती गाडी पुढे हलवायची नाही. आपल्याकडे दंड घेतात आणि गाडी तशीच सोडतात. दंडाचे पैसे मग ड्रायव्हर पुढच्या ट्रिपला अजून दोन जण कोंबून काढतो.

विमा आहे म्हणतात. मग सोळा जणांनाही मिळेल ना?

इथे कान देऊन ऐका. विमा असतो गाडीच्या सीटांचा. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये अंजना श्याम यांच्या खटल्यात सांगितलं की विमा कंपनीची जबाबदारी पॉलिसीत जितकी माणसं धरली आहेत तेवढ्यांपुरतीच. मग करतात काय? समजा सोळा जणांचे दावे मंजूर झाले आणि विमा नऊंचा आहे. तर सगळ्यांत मोठ्या नऊ दाव्यांची जितकी रक्कम होते तेवढी कंपनी भरते आणि ती सोळा जणांत त्या-त्या प्रमाणात वाटली जाते. उरलेलं मालकाकडून वसूल करा. आणि मालकाकडे असते ती हप्त्यावरची, आता चेपलेली, गाडी.

म्हणजे दहावा माणूस बसला की तो फक्त तुमच्या खांद्याला खांदा लावत नाही, तुमच्या घरच्यांच्या भरपाईतही वाटा घेतो. त्या बिचाऱ्याचाही दोष नाही, त्यालाही बाजाराला जायचंच असतं.

पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं देऊन बसलात तर कंपनी पहिल्या दिवसापासून हात झटकते, कारण घरगुती विम्यात भाड्याची सवारी धरलेलीच नसते. वर्षानुवर्षं तारखा चालतात.

मग बसायचं तरी कुठं?

मधल्या सीटवर. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला कधीच नाही, त्यानं फुकट नेतो म्हटलं तरी नाही. मागच्या पायरीवर नाही, टपावर तर नाहीच. पुढच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन बसू नका. जोराचा ब्रेक लागला की मांडीवरचं लेकरू दोन्ही हातांनी धरलं तरी सुटतं, आईच्या हातात कितीही बळ असो. पुढे बसलात आणि पट्टा असेल तर लावा. बहुतेक गाड्यांत तो सीटखाली धुळीत असतो. ओढून काढा, ड्रायव्हर हसला तर हसू द्या.

हळू चालव म्हटलं तर ड्रायव्हर ऐकतच नाही. कसं सांगायचं?

मी कंडक्टर होतो, सवाऱ्यांची भांडणं सोडवण्यात माझे केस गेले. अनुभवाच्या तीन गोष्टी सांगतो.

एक, ओरडू नका. ओरडलं की त्याचा पाय अजून खाली जातो, विशेषतः गाडीत तरुण पोरी असतील तर. दुसरी, कारण द्या. “दादा, हळू घ्या ना जी, सुनेला सातवा महिना हाये,” किंवा “मले मळमळ होते बाप्पा.” उलटीचं नाव काढलं की भलेभले हळू होतात, गाडी त्यालाच धुवावी लागते. हे मी चेष्टेनं सांगत नाही, याच्याइतकं हमखास औषध दुसरं नाही.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. काळी-पिवळीत भाडं बहुतेक उतरताना देतात. म्हणजे प्रवासभर पैसा तुमच्या हातात असतो. चार जणांनी मिळून म्हटलं, “थांबव, आम्ही उतरतो, दुसऱ्या गाडीनं येतो,” तर चार भाडी जातात. हे त्याला समजतं. आमच्या गावच्या दोन बचत गटांच्या बाया बाजारच्या दिवशी एकत्रच बसतात आणि बसण्याआधीच सांगतात, “अकरावा माणूस घेतला तर आम्ही उतरू.” नऊवरून त्या दहावर आल्या, हेही खरंच आहे. पण सोळावर नाही गेल्या.

एकट्यादुकट्यानं मात्र रात्रीच्या वेळी, आडरानात, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. पुढच्या वस्तीच्या गावात उतरून घ्या.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) खाऊन, मोबाईलवर बोलत चालवतात. हा गुन्हा आहे का?

चालवताना हातात मोबाईल धरणं हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या १८४ मध्ये येतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा दोन्ही.

खर्रा खाण्याचं वेगळं कलम मला सापडलं नाही, पण भीती मोबाईलपेक्षा त्याचीच जास्त वाटते. मोबाईल एका हातात असतो. खर्रा घोटायला दोन्ही हात लागतात. पन्नी तळहातावर ठेवून घासायची, स्टेअरिंग गुडघ्यानं धरायचं, मग पन्नी दातानं फाडायची, आणि थुंकायला मान बाहेर. एवढ्या वेळात गाडी दोन नाले ओलांडते. गाडीत बसल्याबसल्या म्हणा, “दादा, खर्रा इथंच घोटून घ्या, मग निघू.” राग येत नाही त्यांना, आपलेपणा वाटतो. कधी तुम्हालाही विचारतात.

दारूचं सरळ आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. वास आला तर बसू नका, बसला असाल तर ११२ लावा.

गाडी एक सतरा वर्षांचा पोरगा चालवतो. घरचीच आहे म्हणे.

भाड्याची गाडी चालवायला वय २० वर्षं पूर्ण लागतं. अठरा नव्हे, वीस. अठराखालच्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोराच्या बापाला एवढंच एकदा ऐकवा.

पावसाळ्यात आणि हंगामात काय वेगळी काळजी घ्यायची?

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर उतरा. ड्रायव्हर म्हणेल, “गुडघाभरच आहे, रोज काढतो.” गुडघाभर वाहतं पाणी गाडीला बाजूला ढकलतं, आणि खालचा रपटा वाहून गेला आहे की आहे हे वरून दिसत नाही. अर्धा तास थांबा, नाला जसा चढतो तसा उतरतोही.

आमच्या काळ्या मातीचं एक आहे. वावरातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली माती डांबरावर सोडत जातात. त्यावर पहिली सर आली की साबण. बाहेरगावचे ड्रायव्हर इथेच घसरतात.

ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर पसरतात, मग गाड्या उलट्या बाजूनं निघतात. त्यानंतर कापसाच्या उंच गंज्या भरलेल्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. संध्याकाळी गुरं परततात, रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रोही बहुतेक एकटा येत नाही, एक गेला की मागे दुसरा असू शकतो. ड्रायव्हरला माहीत असतं, तरी तो पहिला गेल्यावर ॲक्सिलेटर देतो. उन्हाळ्यात दुपारी जेवून निघालेला ड्रायव्हर आणि ४५ अंशात तापलेलं जुनं टायर, या दोघांवरही भरवसा नको.

वेचणीला, मिरची तोडायला पिकअपमध्ये बायांना नेतात. तेही यातच येतं का?

काळी-पिवळीपेक्षा वाईट. मालवाहू गाडीत माणसं नेता येत नाहीत. आपला माल घेऊन त्यासोबत जाणारा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस एवढ्यालाच विम्याचा आधार आहे. मजुरीला निघालेल्या वीस बाया म्हणजे कागदावर कुणीच नाहीत. भंडारा-गडचिरोलीकडून मिरचीला तेलंगणात जाणाऱ्या टोळ्या असतात, त्यांचा प्रवास तर रात्रभराचा. मुकादमाशी मजुरी ठरवताना गाडी कोणती हेही ठरवा. मजुरी पाच रुपयांनी कमी मिळाली तरी चालेल असं मी म्हणतो तेव्हा बाया माझ्याकडे रागानं बघतात. त्यांचं बरोबर आहे, मला पेन्शन आहे.

तक्रार कुठे करायची? ड्रायव्हर गावातलाच असतो, उद्या तोंड कसं दाखवायचं?

ही खरी अडचण. म्हणून आधी मालकाकडे जा, ड्रायव्हरकडे नको. गाडी त्याची, कर्ज त्याचं, कोर्टाची नोटीस त्यालाच येते. भरपाईचं वरचं गणित त्याला समजावून सांगा.

त्यानं ऐकलं नाही तर जिल्ह्याचं परिवहन कार्यालय, ज्याला आपण आरटीओ म्हणतो, आणि पोलिसांची वाहतूक शाखा. लेखी द्या. गाडीचा पूर्ण नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमकं काय पाहिलं. “बेफाम चालवतो” असं लिहिलं तर कागद फायलीत जातो. “अमुक पुलावर ट्रकला वळणावर ओव्हरटेक केलं, टपावर पाच जण होते” असं लिहिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर तुमचं एकट्याचं नावही पुढे येत नाही. पोच घ्या. एकदा मी पोच न घेता परतलो, पुढच्या महिन्यात त्या कार्यालयात मला सांगितलं की असा अर्ज आलाच नाही. एकतीस वर्षं तिकीट फाडून हातात दिलेल्या माणसानं पावती घेतली नाही, याला काय म्हणावं.

अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं?

१०८ ला फोन, मग ११२ ला. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ही चालतो. ठिकाण सांगताना गावाचं नाव पुरत नाही. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटर, जवळचा फाटा, देऊळ, जिनिंग सांगा.

जखमी माणसाला हात-पाय धरून ओढू नका, मान आणि पाठ सरळ राहील असं चार जणांनी उचला. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवूच नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ दुपट्टा घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिलं काम पाणी पाजण्याचं होतं आणि बेशुद्धाच्या छातीत ते उतरतं.

गाडीचे आणि आजूबाजूचे फोटो काढा, नंबर दिसेल असे. गाडी पेटवू नका, ड्रायव्हरला मारू नका. त्या रागात पुरावा जातो आणि केस तुमच्यावर होते.

मदत करायला गेलो तर पोलीस मलाच बसवून ठेवतील ना?

ही भीती जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्यात पैसे भरण्याची सक्ती नाही. साक्ष द्यायची की नाही हे तुमच्या मनावर.

दवाखान्याचा खर्च कोण करणार?

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनानं अपघात झाला की ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. पोलिसांत नोंद असणं यासाठी गरजेचं, म्हणून ११२ चा फोन टाळू नका.

भरपाईचा दावा कसा आणि कुठे करायचा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयातच. अपघात परजिल्ह्यात किंवा तेलंगणात झाला तरी तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली ड्रायव्हरची चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ खाली चूक सिद्ध करावी लागते, पण वय आणि कमाई पाहून रक्कम जास्त मिळू शकते. दोन्हींतली एकच वाट निवडायची. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० अशी वेगळी तरतूद आहे.

कायद्यात १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तेरवी झाली की कागद गोळा करायला लागा: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याची बिलं, कमाईचा काहीही पुरावा. मजुराला सातबारा नसतो आणि पगारपत्रकही नसतं, मग रोजगार हमीचं जॉब कार्ड, बचत गटाचं पासबुक, असं जे असेल ते ठेवा.

दवाखान्याच्या बाहेर “सगळं मी करून देतो, निम्मे माझे” म्हणणारा कुणी भेटेल. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे मोफत वकील मिळू शकतो.

मेलेला माणूस शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात, १० ते ७५ वर्षं वयापर्यंत. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातला अजून एक जण असे दोघे यात बसतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. हे दाव्याच्या भरपाईपेक्षा वेगळं आहे, ते घेतलं म्हणून दावा जात नाही.

मग एसटी तरी सुरक्षित आहे का? उगाच आपल्या महामंडळाची बाजू घेऊ नका.

नाही घेत. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया–कोहमारा रस्त्यावर शिवशाही बस दुचाकीला वाचवताना उलटली आणि ११ माणसं गेली. ती एसटीचीच होती. तरीही मी घरच्यांना एसटीनं जा म्हणतो, कारण एवढंच: त्या ड्रायव्हरचा पगार सवाऱ्यांच्या मुंडक्यांवर ठरत नाही. बस रिकामी गेली तरी त्याच्या घरी चूल पेटते. फाट्यावरच्या म्हातारीसाठी त्याला शर्यत लावावी लागत नाही. (आमचे काही ड्रायव्हर म्हातारीला बघून उलट गाडी पळवत, तो वेगळा विषय.)

आमच्या गावाला बसच नाही. काय करता येईल?

आगार व्यवस्थापकाला ग्रामसभेचा ठराव द्या, प्रत विभाग नियंत्रकाला. पण “बस सुरू करावी ही विनंती” एवढ्यानं होत नाही. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांची यादी, पासधारक किती, बाजाराचा वार, रस्त्याची अवस्था, बस वळवायला जागा आहे का, हे लिहा. मी डेपोत पाहिलं आहे, मुख्याध्यापकाच्या सहीचं मुलींच्या संख्येसहित पत्र सगळ्यांत आधी हलतं. मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसा मुलींसाठीच आहेत, तुमचा तालुका त्यात येतो का ते विचारा. रेल्वेची आशा सोडा. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला नावाची छोटी रेल्वे होती तेव्हा लोक तिला हसायचे की बैलबंडी पुढे जाते. बंद झाली तेव्हा कळलं की तिच्यात टपावर बसावं लागत नव्हतं.

मी स्वतः ड्रायव्हर आहे. तुम्ही सगळे आमच्याच मागे का लागता?

भाऊ, तुमचं दुःख वर लिहिलं आहे. एक सुचवतो, तुमच्या स्टँडवर पटलं तर बघा. नंबरची यादी तुम्हीच चालवता. त्याच यादीत सुटायची वेळ घाला: गाडी भरो न भरो, ठरल्या वेळेला पहिली निघेल, आणि दिवसाची कमाई ट्रिपांप्रमाणे वाटून घ्यायची. भांडणं होतील, पहिले महिनाभर हिशेब जुळणार नाही. पण पुढे कोण गेलं आणि मागून कोण येतं याची धास्ती जाईल. आणि तुमच्यातल्या तरुण ड्रायव्हर पोरांना सांगा, ट्रिप बुडाली तर उद्या मिळते.

शेवटची बस गेली, रात्र झाली, एकच गाडी उभी आहे आणि ती गच्च भरलेली आहे. काय करू?

घरी फोन करा की उशीर होतोय. गाडीचा नंबर घरच्यांना पाठवा. सीट मिळत नसेल तर स्टँडवरच थांबा, बाई माणूस असेल तर चौकशी खिडकीजवळ उजेडात. तालुक्याच्या गावात कुणी ना कुणी नात्याचं असतंच, आपल्याकडे रात्रीच्या पाहुण्याला कुणी परत पाठवत नाही. सकाळची पहिली गाडी सहा-साडेसहाला असते आणि तेव्हा ती बहुतेक अर्धी रिकामीच सुटते.